द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा प्रोब: आराखडा, जोडणी आणि पहिली बुडी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी क्रायोजेनिक प्रोबचा, म्हणजे अतिशीत द्रवात बुडवून मोजमाप करण्याच्या उपकरणाचा, प्रकल्प हौसेने घेतात, आणि नवी मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत मी पाहिलेले असे बहुतेक प्रकल्प एकाच ठिकाणी अडले आहेत: मार्चअखेर नायट्रोजन येतो, प्रोब बुडवला जातो आणि मीटरवर काहीतरी अर्थहीन आकडा नाचत राहतो. मग दोष नायट्रोजनला, मीटरला किंवा नमुन्याला दिला जातो. प्रत्यक्षात तो दोष दोन-तीन महिन्यांपूर्वी टेबलावर, कोणती तरी पायरी मागे-पुढे झाल्यामुळे आत शिरलेला असतो. म्हणून या लेखात पायऱ्यांच्या क्रमावर आणि दोन पायऱ्यांमधल्या तपासण्यांवर भर दिला आहे.

येथे गृहीत धरलेला प्रोब साधा आहे. स्टेनलेस स्टीलची लांब नळी, तिच्या खालच्या टोकाला बंद डबी, डबीत तांब्याच्या ठोकळ्यावर नमुना, तापमापक व हीटर, आणि वरच्या टोकाला निर्वात पंपाची व वायरींची जोडणी. त्यातून ७७ केल्विनपासून (द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू, उणे १९६ अंश सेल्सिअस) खोलीच्या तापमानापर्यंत एखाद्या नमुन्याचा विद्युतरोध मोजता यावा, इतकीच अपेक्षा आहे. वायबीसीओ या अतिवाहकाचे संक्रमण, म्हणजे त्याचा विद्युतरोध एकदम शून्यावर येणे, सुमारे ९२ केल्विनला होते, त्यामुळे विद्यार्थी प्रकल्पासाठी तो सोयीचा नमुना ठरतो.

टप्पा १: कंटेनरचे तोंड आधी मोजावे

रेखाटन सुरू करण्यापूर्वी प्रोब ज्या कंटेनरमध्ये बुडणार आहे तो प्रत्यक्ष पाहावा. पशुसंवर्धनात गोठित रेतमात्रा ठेवण्यासाठी वापरतात तशा ॲल्युमिनियमच्या कंटेनरच्या मानेचा आतला व्यास बहुधा ५० मिमीच्या आसपास असतो. मान खोलवर जाते आणि आत डबी तिरपी करायला जागा नसते. डबीच्या फ्लँजचा (झाकण स्क्रूंनी बसवायच्या कडेचा) बाहेरचा व्यास ४२ मिमीपेक्षा जास्त ठेवू नये, कारण उकळणाऱ्या नायट्रोजनची वाफ बाहेर पडायला भोवती मोकळी फट लागतेच.

कंटेनरच्या तळापासून तोंडापर्यंतची खोली स्वच्छ, कोरड्या लाकडी काठीने मोजावी आणि तीत प्रोबच्या डोक्यासाठी किमान २० सेंमी मिळवावेत. डोके तोंडाला चिकटून राहिले, तर गार वाफेने वरच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (जोड हवाबंद करणाऱ्या कड्या) कडक होतात आणि गळू लागतात. ओ-रिंग असलेला प्रत्येक जोड खोलीच्या तापमानालाच राहिला पाहिजे.

वेळापत्रकही याच टप्प्यात ठरवावे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की गार केलेली कोणतीही वस्तू उघडताक्षणी पाण्याने निथळते. त्यामुळे लेथवरचे काम पावसाळ्यात, निर्वाताच्या चाचण्या दिवाळीनंतर आणि नायट्रोजन जानेवारीत, असा क्रम ठेवल्यास निम्मी डोकेदुखी टळते.

टप्पा २: उष्णतेचा हिशेब कागदावर करावा

प्रोबमध्ये उष्णता तीन वाटांनी येते आणि त्या तिन्हींचे परिणाम सारखे नसतात, हे विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नळीतून येणारी उष्णता मुख्यतः नायट्रोजन उकळवते. वायरींतून आणि प्रारणातून (गरम पृष्ठभागांवरून किरणांच्या रूपाने) येणारी उष्णता मात्र थेट नमुन्यापर्यंत पोहोचू शकते. पहिलीमुळे खर्च वाढतो, दुसरीमुळे मोजमाप चुकते.

नळीचा हिशेब असा. स्टेनलेस स्टील ३०४ साठी ३०० ते ७७ केल्विनमधील उष्णतावाहकतेचा एकात्मिक आकडा सुमारे २७ वॉट प्रति सेंमी आहे; साध्या तांब्यासाठी तो ९३० च्या घरात जातो. या आकड्याला धातूच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले की उष्णतेची आवक मिळते. १२.७ मिमी व्यासाची, ०.५ मिमी जाडीची आणि गार व गरम टोकांत ६० सेंमी अंतर असलेली स्टीलची नळी घेतली, तर आवक सुमारे ०.०९ वॉट येते. त्याच मापाची तांब्याची नळी ३ वॉट खाली आणेल. एक वॉट म्हणजे तासाला सुमारे २२ मिली द्रव नायट्रोजनची वाफ, हे लक्षात ठेवले की पुढचे गणित तोंडी करता येते.

पातळ नळीचा हट्ट मात्र धरू नये. बाजारात ०.९ मिमी जाडीची नळी सहज मिळते आणि तिच्यातून येणारी उष्णता ०.१५ वॉट आहे, म्हणजे तासाला तीन-साडेतीन मिली. अर्धा मिमी जाडीच्या नळीच्या शोधात महिना घालवणारा एक गट मी पाहिला आहे; त्यांनी वाचवलेला नायट्रोजन चहाच्या कपातही दिसला नसता.

हिशेबातील लांबी म्हणजे द्रवाच्या पातळीपासून प्रोबच्या डोक्यापर्यंतची लांबी. कंटेनर काठोकाठ भरलेला असताना ती ३० सेंमीच उरली, तर आवक दुप्पट धरावी.

वायरींचा हिशेबही करावा. ४० एसडब्ल्यूजीच्या (एसडब्ल्यूजी हे वायरीच्या जाडीचे माप; आकडा मोठा तितकी वायर बारीक) दहा आणि हीटरसाठी ३४ एसडब्ल्यूजीच्या दोन तांब्याच्या वायरी ६० सेंमी लांबीत मिळून ३० मिलिवॉटच्या आसपास आणतात. प्रारणाचा आकडा त्याहून मोठा असू शकतो, कारण खोलीच्या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस सेंमीला सुमारे ४६ मिलिवॉट फेकतो आणि नळीचे आतले तोंड साधारण एक चौरस सेंमीचे असते. यासाठी नळीत पातळ तांब्याच्या तीन चकत्या एकमेकींपासून काही सेंमी अंतरावर बसवाव्यात, आणि वायरींसाठी त्यांच्यावर पाडलेल्या खाचा एका रेषेत येऊ देऊ नयेत.

तपासणी: हा हिशेब एका पानावर मावला पाहिजे आणि गटातील प्रत्येकाला तो फळ्यावर करून दाखवता आला पाहिजे. तोवर लेथवाल्याकडे जाऊ नये.

टप्पा ३: सामान गोळा करणे

नळी, पितळी सळई आणि तांब्याचा गोल तुकडा मुंबईत कुंभारवाडा-गुलालवाडी भागात मिळतो, इलेक्ट्रॉनिक्सचे सामान लॅमिंग्टन रोडवर, आणि लेथकाम ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत होते. इंडियम या मऊ धातूची वायर (डबी हवाबंद करण्यासाठी), कमी तापमानाचे इपॉक्सी, कॅप्टॉन टेप आणि व्हॅक्यूमच्या नळ्या जोडण्याचे केएफ फिटिंग यांना मात्र वेळ लागतो. त्यांची मागणी पहिल्याच महिन्यात नोंदवावी.

खरेदीला जाताना लोहचुंबक खिशात ठेवावे. चुंबकाला घट्ट चिकटणारे स्टील गार बाजूला वापरू नये, कारण ते ७७ केल्विनला ठिसूळ होते. हे स्क्रूंनाही लागू आहे आणि स्क्रूंच्याच बाबतीत ते विसरले जाते.

आकुंचनाचे आकडे रेखाटनाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. ३०० वरून ७७ केल्विनला जाताना स्टील आणि तांबे सुमारे ०.३ टक्के, ॲल्युमिनियम ०.३९ टक्के, तर टेफ्लॉन जवळजवळ १.९ टक्के आखडते. म्हणजे ६० सेंमीची स्टीलची नळी पावणेदोन मिमीने आखूड होते आणि ३० मिमी व्यासाचा टेफ्लॉनचा बुश अर्ध्या मिमीहून अधिक सैल पडतो. धातूच्या भोकात टेफ्लॉन दाबून बसवलेला जोड गार झाल्यावर जोड राहत नाही.

टप्पा ४: लेथकाम आणि झाळकाम

वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरने आमचे पहिले रेखाटन हातात घेऊन विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक गटाला विचारतो: "सर, हे भोक आरपार करायचं की बंद ठेवायचं?" रेखाटनावर ते लिहिलेलेच नव्हते. डबीच्या आतल्या बाजूला बंद भोकात आटे पाडून स्क्रू बसवला, तर स्क्रूच्या टोकाखाली हवेचा थेंबभर साठा अडकतो आणि आट्यांमधून तासन्‌तास झिरपत राहतो. बाहेरून गळती कुठेच सापडत नाही, तरी निर्वात टिकत नाही. आतल्या ठोकळ्यातील भोके आरपार करावीत. जेथे ते शक्य नाही तेथे स्क्रूच्या आट्यांवर कानशीने उभी खाच पाडावी. उलट डबीच्या फ्लँजचे स्क्रू बाहेरच्या, म्हणजे नायट्रोजनच्या बाजूला असतात. ती भोके निर्वाताच्या बाजूला उघडू नयेत.

नळी आणि फ्लँज यांचा जोड टिग वेल्डिंगने किंवा चांदीच्या झाळकामाने करावा. पातळ नळीवर वेल्डिंग करणारा हात सरावाचा लागतो, म्हणून त्याच नळीच्या दोन-तीन उरलेल्या तुकड्यांवर आधी नमुना जोड करून घ्यावा.

झाळकामानंतरचा फ्लक्स (जोड नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन) हा या साऱ्या कामातला सर्वांत फसवा पदार्थ आहे. काचेसारखा घट्ट झालेला फ्लक्स सुईच्या टोकाएवढे भोक बेमालूम बुजवतो. एका वर्षी आमचा जोड निर्वाताच्या चाचणीत उत्तम उतरला आणि नायट्रोजनमध्ये तिसऱ्या बुडीला फ्लक्सचा पापुद्रा तडकून निघाला. भोकातून द्रव नायट्रोजन डबीत शोषला गेला, प्रोब वर काढल्यावर त्याची वाफ झाली, आणि वरच्या डोक्यावरची झडप आम्ही बंद ठेवलेली असल्यामुळे डबीचे झाकण स्क्रूंसकट वाकले. कोणाला लागले नाही. पण त्या दिवसापासून दाबमुक्ती नसलेला प्रोब आमच्याकडे बुडवला जात नाही.

फ्लक्स काढण्यासाठी जोड गरम पाण्यात अर्धा-एक तास ठेवावा, तारेच्या ब्रशने घासावा, पुन्हा पाण्यात ठेवावा आणि भिंगाखाली पाहावा. आम्लयुक्त फ्लक्स वापरला असेल तर पाणी दोन-तीनदा बदलावे.

सावधान: इंडियम १५७ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो. डबीवर इंडियमचा सील बसल्यानंतर जवळपास कुठेही डाख (सोल्डर) देऊ नये.

टप्पा ५: रिकाम्या प्रोबची गळती-चाचणी

वायरी घालण्यापूर्वी गळती तपासावी. हा क्रम उलटा करणारे सर्वाधिक, आणि कारण समजण्यासारखे आहे: वायरिंग झाले की प्रोब तयार झाल्यासारखा दिसतो. पण नंतर गळती सापडली की त्या जोडावर पुन्हा ज्वाला धरावी लागते आणि बारा वायरींचे इनॅमल जळून जाते.

१. डोक्यावरची भोके कोऱ्या प्लगने बंद करावीत, आत अर्धा बार जादा दाब द्यावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. यात ढोबळ गळत्या कळतात. दाब यापेक्षा वाढवू नये.

२. प्रोब पुसून, वाळवून रोटरी पंपाला जोडावा आणि पिरानी गेजवर (निर्वातातला दाब दाखवणाऱ्या मापकावर) दाब ०.०१ मिलिबारपर्यंत येऊ द्यावा.

३. झडप बंद करून पंप वेगळा करावा आणि दर पाच मिनिटांनी दाब लिहावा. आतले आकारमान ०.२ लिटर धरले आणि दाब अर्ध्या तासात ०.०१ वरून ०.१ मिलिबारवर गेला, तर एकूण आवक सुमारे ०.००००१ मिलिबार-लिटर प्रति सेकंद होते. या प्रोबसाठी ती चालण्याजोगी आहे.

४. दाब आणि वेळ यांचा आलेख काढावा. रेषा सरळ चढत राहिली तर गळती आहे. चढण हळूहळू मंदावत आडवी होऊ लागली तर ती आतल्या भिंतींवरची ओल आहे, आणि दमट दिवसांत हेच अधिक दिसते. अशा वेळी प्रोब हेअर ड्रायरने ५०-६० अंशांपर्यंत गरम करत दोन तास पंप चालवावा आणि चाचणी पुन्हा घ्यावी.

५. गळती नेमकी शोधण्यासाठी पंप सुरू असताना एकेका जोडावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडावे. गळणाऱ्या जागी पिरानी गेजचा काटा उसळतो. खोली हवेशीर असावी आणि जवळ ज्योत नसावी.

यानंतर रिकामा प्रोब नायट्रोजनमध्ये तीनदा बुडवून, प्रत्येक वेळी पूर्ण गरम होऊ देऊन पहिल्यापासून सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात. या बुड्यांच्या वेळीही पुढे टप्पा ९ मध्ये सांगितलेली दाबमुक्ती आणि खबरदारी लागू आहे. यासाठी वेगळा नायट्रोजन आणायचा नसेल, तर शेजारच्या विभागात तो येतो त्या दिवशी दोन लिटर मागून घ्यावा.

टप्पा ६: वायरिंग

येथे घाई करू नये. प्रोबचे मोजमाप चांगले की वाईट हे याच टप्प्यात ठरते.

वायरींची यादी अशी: तापमापकाला चार, नमुन्याला चार, हीटरला दोन, राखीव दोन. नमुन्याच्या विद्युतधारेची जोडी वेगळी आणि विभवाची (व्होल्टेज मोजण्याची) जोडी वेगळी पिळावी. चारही एकत्र पिळू नयेत. पिळण्यासाठी वायरीचे एक टोक खिळ्याला अडकवून दुसरे हँड ड्रिलमध्ये धरावे आणि सावकाश फिरवावे. विजेच्या ड्रिलने ४० एसडब्ल्यूजीची वायर, जी केसाहून फार जाड नसते, तटकन तुटते.

वायर इनॅमलची आणि एकसंध असावी. अनेक बारीक तारांची, प्लास्टिकचे आवरण असलेली वायर डोक्यातून आत नेली तर बाहेरून इपॉक्सीने कितीही बुजवले तरी हवा आवरणाच्या आतून, तारांच्या फटींमधून आत जाते. ही चूक शोधायला एका गटाला डिसेंबर पूर्ण लागला होता.

नळीच्या दोन्ही टोकांच्या आतल्या कडा गोल कराव्यात. कड गुळगुळीत झाली की नाही हे बोटाने कळत नाही. कापसाचा बोळा दोऱ्याने नळीतून ओढावा आणि कडेवर एकही धागा अडकला तर पुन्हा पॉलिश पेपर फिरवावा. जे कापसाला ओरबाडते ते इनॅमललाही ओरबाडते.

डोक्यातील वायरींचा प्लग घरी करता येतो. १५ मिमी जाडीच्या पितळी तुकड्यात ६ मिमीचे आरपार भोक पाडावे, ते आतून खरखरीत करावे, वायरी त्यातून एकमेकींना न चिकटता नेऊन चोवीस तासांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने भरावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी घेऊ नये; त्यात बुडबुडे राहतात. ओतल्यावर इपॉक्सी दिव्याच्या उबेत ठेवल्यास पातळ होऊन वायरींभोवती नीट बसते. प्लग डोक्यात ओ-रिंगवर बसतो, म्हणजे वायरिंग बदलायचे झाल्यास तेवढाच भाग काढता येतो.

वायरी थेट ठोकळ्यावर नेऊ नयेत. आधी त्या डबीच्या फ्लँजला जोडलेल्या तांब्याच्या गोल खुंटीवर निदान १५ सेंमी गुंडाळाव्यात आणि वॉर्निशने चिकटवाव्यात. वरून आलेली उष्णता तेथेच नायट्रोजनला जाते. त्यानंतर ठोकळ्यावर पुन्हा तेवढीच लांबी गुंडाळून मग नमुन्यावर न्यावी. ही पायरी गाळली तर तापमापक ठोकळ्याचे नव्हे, स्वतःच्या वायरींचे तापमान सांगतो.

तपासणी: प्रत्येक वायर आणि नळी यांच्यात मीटरने अनंत रोध दिसला पाहिजे. ४० एसडब्ल्यूजीची तांब्याची वायर मीटरला सुमारे १.५ ओहम असते. दीड मीटरच्या दोन वायरी खाली तात्पुरत्या जोडल्या तर साडेचारच्या आसपास ओहम आले पाहिजेत. आकडे वहीत लिहावेत आणि पुढील प्रत्येक टप्प्यानंतर तेच पुन्हा मोजावेत.

टप्पा ७: तापमापक, हीटर आणि नमुना

तापमापक म्हणून पीटी१०० (शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम रोध असणारा प्लॅटिनमचा तापमापक) पुरेसा आहे. ठोकळ्यात त्याच्या मापाचे भोक पाडून व्हॅक्यूम ग्रीससह तो आत सरकवावा. जोडणी चार वायरींचीच असावी, कारण द्रव नायट्रोजनमध्ये त्याचा रोध सुमारे २०.३ ओहम असतो आणि वायरींचा चार ओहम त्यात मिसळला तर तापमान जवळजवळ दहा केल्विनने चुकते.

दुसरी चूक प्रोग्रॅममध्ये असते. दर अंशाला ०.३८५ ओहम हे सरळ सूत्र शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक चालते. तेच २०.३ ओहमला लावले तर नायट्रोजन ६६ केल्विनवर उकळतो असे उत्तर येते. कॅलेंडर-व्हॅन ड्यूसेन सूत्रातील शून्याखालची सर्व पदे घ्यावीत किंवा पीटी१०० चा छापील तक्ता वापरावा. पडद्यावर ६६ दिसल्यावर "गेजला थोडा ऑफसेट आहे" म्हणून ११ मिळवणाऱ्यांनी ९२ केल्विनच्या संक्रमणावर विश्वास ठेवू नये.

हीटरसाठी ५० ओहमची मँगॅनिन वायर ठोकळ्यावर उलट-सुलट गुंडाळावी, म्हणजे दोन्ही दिशांच्या धारेची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. १०० ग्रॅम तांब्याची उष्णताधारकता ८० केल्विनजवळ सुमारे २० जूल प्रति केल्विन आहे, म्हणजे एका वॉटला तापमान मिनिटाला तीन केल्विन चढते. मोजमापासाठी हा वेग जास्त आहे. मिनिटाला अर्धा केल्विन धरावा.

वायबीसीओचा गोळा दमट हवेने खराब होतो, म्हणून तो सिलिका जेलसह बंद डबीत ठेवावा आणि बसवण्याच्या दिवशीच बाहेर काढावा. चारही टोके चांदीच्या पेस्टने किंवा दाबलेल्या इंडियमने जोडावीत, विभवाची टोके आत व धारेची बाहेर. गोळा आणि तांब्याच्या मध्ये सिगारेट वळायचा पातळ कागद वॉर्निशमध्ये भिजवून घातला की विद्युतरोधन होते आणि उष्णताही जाते.

अशा गोळ्याचा रोध मिलिओहमच्या घरात असतो. १० मिलिअँपिअर धारेला ५ मिलिओहमवर ५० मायक्रोव्होल्ट मिळतात, आणि जोडांवर उगम पावणारे औष्णिक विभव काही मायक्रोव्होल्टचे असते. धारेची दिशा प्रत्येक वाचनाला उलटवून दोन आकड्यांच्या फरकाचे निम्मे घेणे, हा त्यावरचा उपाय आहे. पीटी१०० साठी विभवाचे अंकांत रूपांतर करणारी सोळा बिटांची एडीएस१११५ चिप पुरते. नमुन्यासाठी चोवीस बिटांची एडीएस१२२० चिप किंवा महाविद्यालयाचा नॅनोव्होल्टमीटर घ्यावा.

टप्पा ८: डबी बंद करणे

फ्लँजचे दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. एक मिमी जाडीची इंडियमची वायर स्क्रूंच्या आतल्या बाजूने गोल ठेवावी आणि टोके एकमेकांवरून दोन मिमी ओलांडू द्यावीत. कापून समोरासमोर आणू नयेत. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी पाव फेरा, असे आवळत जावे. इंडियम दाबाखाली सरकत राहतो, म्हणून तासाभराने पुन्हा एक फेरी आवळावी. वापरलेली वायर पुन्हा बसवू नये. तुकडे जमवून ठेवावेत, कारण इंडियम स्वस्त नाही.

बंद केल्यावर टप्पा ५ मधील तिसरी व चौथी चाचणी आणि टप्पा ६ मधील सर्व रोध पुन्हा घ्यावेत.

टप्पा ९: नायट्रोजन आणण्याची तयारी

१. एक लिटर द्रव नायट्रोजनची खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० लिटर वाफ होते. ३ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच बंद खोलीत पाच लिटर सांडले तर ऑक्सिजन २०.९ वरून १९ टक्क्यांच्या खाली येतो, आणि १९.५ च्या खालची हवा सुरक्षित मानली जात नाही. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेली प्रयोगशाळा या कामाला अयोग्य आहे.

२. कंटेनर लोकलमधून, रिक्षातून किंवा काचा बंद केलेल्या गाडीतून आणू नये. पुरवठादाराचा उघडा टेम्पो हाच मार्ग. लिफ्टमधून कंटेनर एकटा पाठवावा, वरच्या मजल्यावर घ्यायला एकाने उभे राहावे आणि मधल्या मजल्यांवर कोणी आत शिरणार नाही असे पाहावे.

३. तोंडावर पूर्ण झाकणारे शील्ड, सहज झटकून काढता येतील असे सैल हातमोजे, बुटांवरून येणारी पँट. अंगठ्या, बांगड्या, घड्याळे काढून ठेवावीत.

४. कंटेनरच्या तोंडाला रबरी बूच कधीही लावू नये. थर्माकोलचे सैल झाकण पुरते. पावसाळी हवेत मानेत बर्फ साचून तोंड बंद होऊ शकते, म्हणून अर्ध्या तासाने झाकण उचलून पाहावे.

५. प्रोबच्या डोक्यावर दाबमुक्तीची सोय हवीच. सर्वांत सोपी म्हणजे ओ-रिंगवर नुसती टेकवलेली, स्क्रू नसलेली चकती: आत निर्वात असेतोवर बाहेरची हवा तिला दाबून धरते आणि आत दाब वाढला की ती उडते. चकतीला दोरा बांधावा आणि त्या बाजूला चेहरा नेऊ नये.

टप्पा १०: बुडी आणि मोजमाप

आदल्या रात्रीपासून डबी पंपावर ठेवावी. सकाळी झडप बंद करून काही मिलिबार हेलियम आत सोडावा. वायूची उष्णतावाहकता या दाबाला जवळजवळ पूर्ण मिळते, त्यामुळे डबी वातावरणाच्या दाबापर्यंत भरण्यात काही लाभ नाही. हेलियमऐवजी हवा ठेवणाऱ्यांच्या नमुन्यावर हवेतील पाण्याचा बर्फ बसतो.

प्रोब एका दमात खाली सोडू नये. डबी आधी द्रवाच्या वर वाफेत दहा मिनिटे धरावी, मग मिनिटाला दोन-तीन सेंमी अशा गतीने उतरवावी. डबी द्रवाला टेकली की उकळी जोरात येते आणि काही वेळाने एकदम वाढून शांत होते; तो क्षण म्हणजे पृष्ठभाग गार झाल्याची खूण. पीटी१०० वर २०.३ ओहमच्या जवळ आकडा स्थिर झाला की निदान वीस मिनिटे थांबावे. आकडा २१ वर अडकला असेल तर तापमापकाचा ठोकळ्याशी संपर्क किंवा वायरींची गुंडाळणी यांत दोष आहे, आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता हेलियम पंपाने काढून टाकावा आणि हीटरने तापमान सावकाश वर न्यावे. ७७ ते १२० केल्विनपर्यंत चढताना आणि पुन्हा उतरताना, असे दोन आलेख काढावेत. दोन्हींतले संक्रमण तीन केल्विनने वेगळ्या ठिकाणी दिसले, तर तो नमुन्याचा गुण नसून घाईचा परिणाम आहे. वेग निम्मा करून पुन्हा मोजावे. संक्रमणाच्या खाली रोध शून्याऐवजी लहानशा ऋण आकड्यावर स्थिरावला तर धारेची दिशा उलटवल्यानंतर थांबण्याचा वेळ वाढवावा.

मोजमाप संपल्यावर प्रोब वर काढताना डोक्यावरची झडप पंपाच्या बाजूला उघडी ठेवावी आणि प्रोब वाफेत अर्धा तास राहू द्यावा. मग तो उभा टांगून, पुसत राहून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. बाहेरचे दव सुकेपर्यंत, म्हणजे दमट दिवशी दोन-तीन तास, डबी उघडू नये. उघडल्यावर नमुना लगेच सिलिका जेलमध्ये जावा, आणि टप्पा ६ चे बारा आकडे पुन्हा मोजून त्याच पानावर, तारखेसह, शेवटच्या रकान्यात लिहावेत.